आंतरराष्ट्रीय संबंधांचे सिद्धांत कसे अभ्यासावेत : पदव्युत्तर अभ्यासक्रमात नव्याने येणाऱ्यांसाठी

आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय पदव्युत्तर पातळीवर निवडणारे बहुतेक विद्यार्थी बातम्यांच्या ओढीने येतात. युद्धे, करार, निर्बंध, शिखर परिषदा यांविषयी त्यांच्याकडे पुष्कळ माहिती असते आणि ठाम मतेही असतात. सिद्धांतांची अभ्यासपत्रिका हाती पडली की तिच्यात चालू घडामोडींऐवजी वास्तववाद, नववास्तववाद, उदारमतवाद, रचनावाद, चिकित्सक सिद्धांत अशी नावांची रांग दिसते. ही रांग पाठ करून, प्रत्येक वादाची पाच वैशिष्ट्ये आणि पाच मर्यादा लिहून परीक्षा पार पडते, पण विषय हाती लागत नाही. पुढे सुचवलेल्या क्रमामागे एकच धारणा आहे : प्रत्येक सिद्धांत हे कोणत्यातरी प्रश्नाचे उत्तर असते, आणि तो प्रश्न सापडेपर्यंत उत्तर कितीही वेळा वाचले तरी ते परकेच राहते.

पहिली पायरी : आधी चार शब्द नीट करून घ्यावेत

‘सिद्धांत’ हा शब्दच मराठी वाचकाला थोडा चकवतो. पूर्वपक्ष मांडायचा, तो खोडायचा आणि मग सिद्धांत सांगायचा, अशी शास्त्रार्थाची जुनी रीत असल्यामुळे या शब्दाला ‘वाद मिटल्यावर उरलेला निर्णय’ असा वास आहे. आंतरराष्ट्रीय संबंधांतील सिद्धांत कोणताही वाद मिटवत नाहीत. ते काही गृहीतके धरतात, अफाट गुंतागुंतीच्या जगातून एक भाग वेगळा काढतात आणि त्या भागात कशामुळे काय घडते, किंवा एखाद्या गोष्टीला अर्थ कसा प्राप्त होतो, हे सांगू पाहतात. म्हणून अमुक विचारवंत बरोबर की तमुक, असे विचारण्यापूर्वी ते दोघे एकाच गोष्टीविषयी बोलत आहेत का, एवढे तपासावे. पुष्कळदा ते तसे बोलत नसतात.

दुसरा शब्द ‘अराजक’. रोजच्या मराठीत अराजक म्हटले की जाळपोळ, लूटमार आणि बेबंदशाही डोळ्यांपुढे येते. या विषयात मात्र शब्दाची फोड जे सांगते तेवढाच त्याचा अर्थ घ्यायचा : ज्याच्यावर राजा नाही ते अराजक. राज्यांच्या वर त्यांना आज्ञा देणारी आणि ती पाळायला लावणारी सत्ता नाही, एवढेच हे विधान आहे, आणि अगदी शांततेच्या वर्षातही ते खरे असते. राजा नसेल तर मात्स्यन्याय चालतो, मोठा मासा धाकट्याला गिळतो, ही कल्पना आपल्या परंपरेत इतकी रुजलेली आहे की अराजक आणि मात्स्यन्याय हे आपण एकच समजून बसतो. प्रत्यक्षात पहिल्यातून दुसरा अपरिहार्यपणे येतो का, हाच तर गेल्या अर्धशतकातील सैद्धांतिक चर्चेचा एक मध्यवर्ती वाद आहे.

तिसरी जोडी ‘राज्य’ आणि ‘राष्ट्र’ यांची. ‘आंतरराष्ट्रीय’ या शब्दामागचा मूळ इंग्रजी शब्द जेरेमी बेंथमने अठराव्या शतकाच्या अखेरीस घडवला आणि तेव्हापासून राज्यांमधील व्यवहाराला राष्ट्रांमधील व्यवहार म्हणण्याची सवय जगाला लागली. लेखनात मात्र भूप्रदेश, शासन आणि सार्वभौमत्व असलेली संस्था म्हणजे राज्य, आणि आपण एक आहोत असे मानणारा समाज म्हणजे राष्ट्र, हा भेद कसोशीने पाळावा. चौथी जोडी अधिक धोकादायक आहे, कारण तिच्यात फरक एका अनुस्वारयुक्त अक्षराचा आहे : संरचनावादी मांडणी आणि रचनावादी मांडणी. पहिलीत व्यवस्थेच्या घडणीचा घटकांवर पडणारा दाब महत्त्वाचा, तर दुसरीत घटक आपल्या परस्परव्यवहारांतून व्यवस्थेला आणि स्वतःला कसे घडवतात हे महत्त्वाचे. वहीत प्रत्येक संज्ञेचा मराठी प्रतिशब्द आणि मूळ इंग्रजी संज्ञा शेजारी शेजारी लिहून ठेवल्यास पुढे बराच मनस्ताप वाचतो.

दुसरी पायरी : इतिहासाचा कणा

सिद्धांत ज्या प्रश्नांतून उगवले ते प्रश्न इतिहासाने निर्माण केलेले आहेत, म्हणून १९१४ ते १९९१ या काळाचा एक सलग इतिहास सुरुवातीच्या काही आठवड्यांत वाचून घ्यावा. त्यात पहिले महायुद्ध आणि राष्ट्रसंघ, १९३० च्या दशकातील कोसळण, शीतयुद्ध, वसाहतींचे स्वातंत्र्य, १९७० च्या दशकातील चलन आणि तेल यांची संकटे, आणि सोव्हिएत संघाचे विघटन एवढे आले तरी पुरे. १६४८ च्या वेस्टफालिया तहाने सार्वभौम राज्यांची व्यवस्था एका झटक्यात जन्माला घातली, हे पाठ्यपुस्तकी वाक्य मात्र सावधपणे वापरावे. त्या तहांत तसे काही लिहिलेले नाही, असे इतिहासाच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे.

विषयाच्या स्वतःच्या इतिहासाबाबतही तीच सावधगिरी लागते. पहिले महायुद्ध संपल्यानंतर लगेच, १९१९ मध्ये, वेल्समधील अॅबरिस्टविथ येथे आंतरराष्ट्रीय राजकारणाचे पहिले अध्यासन स्थापन झाले, आणि असे युद्ध पुन्हा कसे टाळता येईल हा या ज्ञानशाखेचा पहिला प्रश्न ठरला. त्यानंतरची कथा ‘महावादां’च्या मालिकेच्या रूपात सांगण्याचा प्रघात आहे : आधी आदर्शवादी (कायदा व संस्थांनी युद्ध टाळता येईल असे मानणारे) विरुद्ध वास्तववादी (राजकारणाच्या मुळाशी सत्तेची धडपड पाहणारे), मग परंपरावादी (इतिहास व तत्त्वज्ञानावर भर देणारे) विरुद्ध वर्तनवादी (विज्ञानासारखी मोजमापाची पद्धत मागणारे), आणि पुढे आणखी. उजळणीसाठी ही मालिका सोयीची आहे, पण पहिला महावाद त्या स्वरूपात झालाच नव्हता असे मानणारे इतिहासकार पुष्कळ आहेत. परीक्षेच्या उत्तरात ही मालिका द्यायची असेल तर ती ज्ञानशाखेने स्वतःविषयी सांगितलेली गोष्ट आहे, एवढा उल्लेख जरूर करावा.

तिसरी पायरी : तीन ग्रंथकारांचा एक संवाद

नवख्या विद्यार्थ्याची सर्वांत मोठी चूक म्हणजे दहा वादांवरची दहा प्रकरणे सारख्याच वेळात वाचणे. एखादे परिचयात्मक पाठ्यपुस्तक पहिल्या दोन आठवड्यांत भराभर वाचून टाकावे, तपशील लक्षात राहिला नाही तरी चालेल, आणि मग मूळ लेखनाकडे वळावे. मूळ लेखनात सुरुवात नववास्तववादी केनेथ वॉल्ट्झ, उदारमतवादी रॉबर्ट कोहेन आणि रचनावादी अलेक्झांडर वेंट यांच्यापासून करावी असे माझे मत आहे. हे तिघे सर्वश्रेष्ठ आहेत असे नव्हे. पण ते एकमेकांना उत्तर देत लिहितात, आणि सिद्धांत कसा रचला जातो व कसा फोडला जातो हे त्यांच्या वादात स्पष्ट दिसते.

वॉल्ट्झ यांचे १९५९ चे पुस्तक आधी वाचावे. युद्धे का होतात, या प्रश्नाची उत्तरे त्यांनी तीन पातळ्यांवर लावली : मानवी स्वभाव, राज्याची अंतर्गत रचना आणि राज्यांमधील अराजक व्यवस्था. विश्लेषणाचे स्तर म्हणून पुढे जे शिकवले जाते त्याची ही सर्वांत स्वच्छ ओळख आहे. त्यानंतर त्यांचे १९७९ चे पुस्तक हाती घ्यावे. त्यातला प्रश्न असा आहे : राज्यांची विचारसरणी, राज्यकर्ते आणि शासनपद्धती बदलत राहतात, तरी सत्तासंतुलनाचे तेच ते आकृतिबंध शतकानुशतके का दिसत राहतात? उत्तरासाठी ते अर्थशास्त्रातील बाजारपेठेचे रूप उसने घेतात. बाजारातील प्रत्येक कंपनी वेगळी असली तरी स्पर्धा त्या सर्वांना एका वळणावर आणते, त्याप्रमाणे व्यवस्थेची संरचना राज्यांना एका वळणावर आणते. ही संरचना तीन गोष्टींनी ठरते : मांडणीचे तत्त्व, घटकांच्या कामांतील भेद आणि घटकांमधील सामर्थ्याची वाटणी. आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत मांडणीचे तत्त्व अराजकाचे आहे आणि सर्व राज्ये मूलतः सारखीच कामे करतात. म्हणून बदलण्यासारखी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे सामर्थ्याची वाटणी. त्यावरून अनेक महासत्तांच्या बहुध्रुवीय व्यवस्थेपेक्षा दोनच महासत्तांची द्विध्रुवीय व्यवस्था अधिक स्थिर असते, असा निष्कर्ष ते काढतात.

येथे थांबून विचार करावा. एखाद्या विशिष्ट राज्याने विशिष्ट दिवशी युद्ध का पुकारले, हे हा सिद्धांत सांगत नाही, आणि आपला सिद्धांत परराष्ट्र धोरणाचा नाही हे वॉल्ट्झ स्वतःच स्पष्ट करतात. ‘वॉल्ट्झ नेत्यांकडे दुर्लक्ष करतात’ ही परीक्षेत हमखास आढळणारी टीका त्यामुळे लंगडी ठरते. जे सांगण्याचा दावाच केलेला नाही ते सांगितले नाही, एवढेच तिच्यात असते. खरी टीका गृहीतकांवर किंवा दाव्याच्या आतील तर्कावर करावी लागते.

कोहेन यांचे १९८४ चे पुस्तक ती करून दाखवते. १९७१ मध्ये अमेरिकेने डॉलरचा सोन्याशी असलेला दुवा तोडला, १९७३ मध्ये तेलाचे संकट आले आणि अमेरिकेचे वर्चस्व उतरणीला लागल्याची चर्चा सुरू झाली. वर्चस्व गाजवणारी महासत्ता दुबळी झाली तर तिने उभारलेली सहकार्याची व्यवस्थाही कोसळायला हवी. मग ती का कोसळत नाही, हा कोहेन यांचा प्रश्न होता. विशेष म्हणजे राज्ये स्वार्थी आणि विवेकी आहेत, त्यांच्यावर सत्ता नाही, ही गृहीतके ते मान्य करूनच निघतात. तरीही संस्था आणि नियमव्यवस्था माहिती पुरवतात, व्यवहाराचा खर्च कमी करतात आणि फसवणूक महाग करतात, म्हणून स्वार्थी राज्यांनाही त्या टिकवाव्याशा वाटतात, असा त्यांचा युक्तिवाद आहे. प्रतिपक्षाची गृहीतके स्वीकारून निराळ्या निष्कर्षाला पोहोचणे ही वादाची किती प्रभावी पद्धत आहे, हे येथे शिकून घ्यावे.

वेंट गृहीतकालाच हात घालतात. अराजकातून स्वसंरक्षणाची धडपड आणि परस्परसंशय आपोआप निघत नाहीत. राज्ये एकमेकांशी जसे वागतात त्यातून त्यांची ओळख आणि हितसंबंध घडतात, आणि त्यानुसार अराजकाचे रूप ठरते, असा १९९२ च्या त्यांच्या गाजलेल्या लेखाचा आशय आहे. ब्रिटनकडच्या पाचशे अण्वस्त्रांपेक्षा उत्तर कोरियाकडची पाच अण्वस्त्रे अमेरिकेला अधिक धोक्याची वाटतात, हे त्यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. सामर्थ्याची वाटणी मोजून हे कोडे सुटत नाही. शस्त्र कोणाच्या हाती आहे आणि त्याला आपण मित्र मानतो की शत्रू, हे पाहावे लागते. या तिघांचे लेखन लागोपाठ वाचले की वाद, प्रतिवाद आणि फेरमांडणी यांचा सांगाडा मनात उभा राहतो, आणि पुढे वाचलेले प्रत्येक पुस्तक त्यावर कोठे टांगायचे हे कळू लागते.

चौथी पायरी : प्रत्येक वाचनाची एक पानाची नोंद

प्रत्येक ग्रंथासाठी किंवा लेखासाठी एकच पान ठेवावे आणि त्यावर पाच प्रश्नांची उत्तरे स्वतःच्या शब्दांत लिहावीत. लेखकाला पडलेले कोडे काय? मुख्य घटक कोणते : व्यक्ती, राज्य, वर्ग, संस्था की कल्पना? न तपासता काय गृहीत धरले आहे? कारणापासून परिणामापर्यंत जाणारी साखळी कोणती? आणि जगात काय घडले असते तर हा सिद्धांत चुकला असे म्हणता आले असते? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लिहिता आले नाही, तर दोष आपल्या वाचनाचा आहे की सिद्धांताचा, हे चर्चासत्रात विचारावे. तेथील सर्वांत चांगल्या चर्चा बहुधा याच प्रश्नावरून सुरू होतात. काही सिद्धांतांचा हेतू कारणे शोधण्याचा नसून अर्थ उलगडण्याचा असतो, आणि त्यांना हा प्रश्न जसाच्या तसा लागू होत नाही, हेही त्याच चर्चेत कळून येते.

तीस पानांचा सैद्धांतिक लेख पहिल्यांदा वाचायला चार-पाच तास लागले तर खचून जाऊ नये. प्रस्तावना आणि समारोप आधी वाचावेत, मग मधला भाग, आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून नोंद लिहावी. उघड्या पुस्तकावरून लिहिलेली नोंद म्हणजे बहुतेक वेळा नक्कल असते.

पाचवी पायरी : लेबलांच्या आत पाहणे

‘वास्तववादी असे म्हणतात’ या शब्दांनी सुरू होणारे वाक्य शक्यतो लिहू नये, कारण वास्तववादी एक नाहीत. हान्स मॉर्गेन्थाऊ सत्तेच्या धडपडीचे मूळ मानवी स्वभावात शोधतात, तर वॉल्ट्झ ते संरचनेत शोधतात. वॉल्ट्झ यांच्या मते राज्यांना मुख्यतः सुरक्षितता हवी असते. जॉन मिअरशायमर यांच्या मते महासत्तांना शक्य तितकी अधिक सत्ता हवी असते, कारण किती सत्ता पुरेशी हे त्यांना कधीच खात्रीने कळत नाही. वास्तववाद म्हणजे युद्धखोरी, हा समजही टिकत नाही : मॉर्गेन्थाऊ यांनी व्हिएतनाम युद्धाला जाहीर विरोध केला आणि २००३ च्या इराक युद्धाला विरोध करणाऱ्यांत मिअरशायमर यांच्यासारखे वास्तववादी अग्रभागी होते. ई. एच. कार यांच्या १९३९ च्या पुस्तकालाही वास्तववादाचा आद्यग्रंथ म्हणून मोकळे होतात, परंतु निव्वळ वास्तववादाने भागत नाही, हे कार यांनी त्याच पुस्तकात सांगितले आहे.

या सांगाड्याच्या बाहेरचे सिद्धांत दुय्यम समजून शेवटच्या आठवड्यावर ढकलू नयेत. हेडली बुल यांनी १९७७ मध्ये मांडलेली ‘अराजक समाजा’ची कल्पना, म्हणजे वर राजा नसतानाही समान नियम आणि संस्था मानणारा राज्यांचा समाज, मात्स्यन्यायाच्या वादात थेट उपयोगी पडते. रॉबर्ट कॉक्स यांनी १९८१ मध्ये विचारलेला प्रश्न तर साऱ्या अभ्यासपत्रिकेलाच लागू होतो : सिद्धांत नेहमी कोणासाठी तरी आणि कशासाठी तरी असतो, मग हा कोणासाठी आहे? आहे ती व्यवस्था सुरळीत चालवणारा सिद्धांत आणि ती व्यवस्था मुळात कशी आली हे विचारणारा सिद्धांत, असा त्यांनी केलेला भेद लक्षात ठेवावा. सिंथिया एन्लो आणि जे. अॅन टिकनर यांचे स्त्रीवादी लेखन वाचताना, ‘स्त्रियांचा समावेश करा’ एवढीच ही मागणी आहे असे समजण्याची घाई करू नये. सत्ता, सुरक्षितता, राष्ट्रहित या संकल्पनांच्या व्याख्याच कोणत्या अनुभवावरून केल्या गेल्या, असा त्यांचा अधिक खोल प्रश्न आहे.

पश्चिमेबाहेरच्या विचारांविषयी एक इशारा. अमिताव आचार्य आणि बॅरी बुझान यांनी २००७ मध्ये पाश्चात्त्येतर सिद्धांत का दिसत नाहीत, हा प्रश्न ऐरणीवर आणल्यापासून या दिशेने बरेच लेखन झाले आहे, आणि त्या उत्साहात ‘कौटिल्य हा पहिला वास्तववादी’ हे वाक्य पुष्कळ उत्तरांत उमटू लागले आहे. ते सोपे आहे आणि बरेचसे निरर्थकही. विजिगीषू, म्हणजे विजय मिळवू पाहणाऱ्या, राजाला केंद्रस्थानी धरणारा बारा राजांचा मंडलविचार आणि संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय व द्वैधीभाव हे षाड्गुण्य, म्हणजे इतर राजांशी वागण्याची सहा धोरणे, हे राजाला दिलेले मार्गदर्शन आहे. वॉल्ट्झ यांच्यासारखा व्यवस्थेचा स्पष्टीकरणात्मक सिद्धांत मांडण्याचा तो प्रयत्न नाही. शिवाय कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्र’ या ग्रंथातील सात प्रकृतींपैकी, म्हणजे राज्याच्या अंगांपैकी, स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश आणि दंड (सैन्य) या सहा राज्याच्या आतल्या आहेत, फक्त मित्र बाहेरचा. वॉल्ट्झ ज्या अंतर्गत घडणीला सिद्धांताबाहेर ठेवतात तिलाच कौटिल्य सामर्थ्याचा पाया मानतो. तुलना करायचीच असेल तर ती या फरकापासून सुरू करावी.

सहावी पायरी : एकच घटना, अनेक भिंगे

सिद्धांत ‘लावून दाखवा’ असे म्हटले की विद्यार्थी घटनेला सिद्धांताचा अंगरखा चढवतात : घटना सांगायची आणि शेवटी ‘यावरून वास्तववाद सिद्ध होतो’ असे म्हणायचे. त्याऐवजी एकच घटना घेऊन तिच्यावर परस्परविरोधी स्पष्टीकरणे तपासावीत. ग्रॅहम अॅलिसन यांनी १९७१ मध्ये ऑक्टोबर १९६२ च्या क्यूबा क्षेपणास्त्र पेचप्रसंगावर हेच केले : राज्याला एक विवेकी कर्ता मानून, मग शासकीय संघटनांच्या ठरावीक कार्यपद्धतींच्या आधारे आणि अखेर शासनातील व्यक्तींच्या आपापसांतील राजकारणातून, अशी तीच घटना तीनदा समजावून सांगितली. प्रत्येक वेळी निराळ्या गोष्टी पुराव्यात येतात, निराळे प्रश्न विचारावेसे वाटतात. सरावासाठी शीतयुद्धाचा शेवट घ्यावा. तो कोणत्याही प्रमुख सिद्धांताने आधी सांगितला नव्हता, म्हणून प्रत्येक पक्षाला त्याचे स्पष्टीकरण नंतर द्यावे लागले, आणि ती स्पष्टीकरणे शेजारी ठेवली की कोणता सिद्धांत पुराव्यापुढे झुकतो आणि कोणता पुराव्याला वाकवतो हे दिसते.

ज्ञानमीमांसा (ज्ञान कसे मिळते याचा विचार) आणि विज्ञानाचे तत्त्वज्ञान यांचे वाचन मी मुद्दाम येथपर्यंत मागे ठेवले आहे. अनेक अभ्यासक्रम त्यापासूनच सुरुवात करतात. पण दोन-चार सिद्धांत आतून पाहिलेले नसताना प्रत्यक्षार्थवाद (समाजाचा अभ्यासही नैसर्गिक विज्ञानांच्या पद्धतीने करता येतो ही भूमिका) आणि उत्तर-प्रत्यक्षार्थवाद (तिला आव्हान देणाऱ्या भूमिका) यांवरची चर्चा हवेत राहते. स्पष्टीकरण देणे आणि समजून घेणे यांतील फरक आता वाचला तर वॉल्ट्झ आणि वेंट यांची आठवण होऊन तो चटकन पटतो.

सातवी पायरी : निबंध आणि प्रबंध

निबंधाच्या पहिल्या परिच्छेदातच आपले उत्तर एका वाक्यात यावे. ‘विविध दृष्टिकोनांचा आढावा घेण्यात येईल’ हे उत्तर नव्हे. प्रतिपक्षाची बाजू त्याच्या समर्थकाला मान्य होईल इतक्या प्रामाणिकपणे मांडावी आणि मगच खोडावी. या बाबतीत पूर्वपक्षाची आपली जुनी शिस्त आजही उत्तम आहे. विश्लेषणाचे स्तर मिसळू नयेत : नेत्याच्या स्वभावापासून सुरू झालेला युक्तिवाद मध्येच व्यवस्थेच्या संरचनेवर उडी मारत असेल, तर ती उडी का घेतली हे वाक्यात सांगावे लागते.

प्रबंधाचा विषय निवडताना ‘अमुक राज्याचे परराष्ट्र धोरण : एक रचनावादी अभ्यास’ असे शीर्षक सुचले, तर ते वहीत लिहून बाजूला ठेवावे. त्यात प्रदेश आहे, सिद्धांत आहे, पण कोडे नाही. त्या राज्याने एखाद्या प्रसंगी सामर्थ्याची गणिते पाहता जसे वागायला हवे होते तसे ते वागले नाही, असा एक प्रसंग शोधावा आणि ‘का’ या शब्दाने सुरू होणारा प्रश्न लिहावा. मग तीन निराळे सिद्धांत त्या प्रश्नाला काय उत्तर देतील हे प्रत्येकी एका परिच्छेदात लिहून पाहावे. तिन्ही परिच्छेद एकच उत्तर देत असतील तर प्रश्न बदलावा. ते एकमेकांना छेद देत असतील, आणि कोणते खरे हे ठरवता येईल अशी कागदपत्रे, भाषणे किंवा मतदानाच्या नोंदी मिळण्यासारख्या असतील, तर तेच तीन परिच्छेद घेऊन मार्गदर्शकांकडे जावे.